पिठाच्या डब्याखालची प्लेट: एका कवितेचे पाच खर्डे

आई चित्रं काढायची, लग्न झालं, चित्रं सुटली. एवढ्या ऐवजावर लिहिलेली कविता संपादकाकडे आली की तो पहिल्या चार ओळींत स्वयंपाकघर शोधतो आणि बहुतेकदा ते सापडतं. लाटणं असतं, धूर असतो, अंधार असतो. सापडत नाही ती आई. तिला नेमकं काय येत होतं आणि ते नेमकं कशामुळे थांबलं, याचा कवितेत पत्ता नसतो.

इथं मांडलेलं प्रकरण प्रातिनिधिक आहे. अशा हस्तलिखितांत पुन्हापुन्हा दिसणारे दोष एकाच कवितेत गोळा केले आहेत आणि उदाहरणाच्या ओळी या लेखापुरत्याच रचल्या आहेत. कवयित्री पन्नाशीच्या जवळ आलेली, बडोद्याची. आई सत्तरी ओलांडलेली, दांडिया बाजारातल्या वाड्यात सून म्हणून आलेली, आता फ्लॅटमध्ये राहणारी. लग्नाआधी ती फाईन आर्ट्सला एचिंग शिकत होती, म्हणजे धातूच्या प्लेटवर ॲसिडनं रेघा खाऊन त्यांचे कागदावर ठसे काढायची कला.

बडोद्यात ही गोष्ट नवलाची नाही. सयाजीरावांनी कलाभवन काढलं १८९० मध्ये. विद्यापीठाची फाईन आर्ट्स फॅकल्टी १९५० ची. मराठी वस्तीतून सायकलवर जाता येईल इतक्या अंतरावर प्रेस, ॲसिडच्या टाक्या आणि मॉडेल बसवून चालणारे वर्ग होते. त्यामुळे इथल्या कवितेत ‘आईला शिकूच दिलं नाही’ हा सरधोपट आरोप चालत नाही. आई शिकली होती. अडचण नंतरची आहे.

पहिला खर्डा

३८ ओळी, नावाला मुक्तछंद, पण अधूनमधून यमक डोकावतं. त्यातल्या चार:

कुंचला तिने खाली ठेवला
हाती घेतलं लाटणं
स्वप्नांची राख चुलीत
निमूट तिचं पेटणं

खर्डा हातात आला की पहिलं काम मोजणीचं. पेन्सिल घेऊन शब्दांवर खुणा करायच्या. इथं ‘स्वप्न’ सहा वेळा, ‘कुंचला’ चार, ‘चूल’ तीन, ‘राख’ दोन, ‘निमूट’ दोन. आता या पाचही शब्दांसमोर एकच प्रश्न लिहायचा: हे त्या घरात होतं का?

कुंचला नव्हता. एचिंगवाली मुलगी सुई धरते, रोलर धरते, कापडाचा बोळा धरते. कुंचला फारतर वॉर्निश लावायला. चूलही नव्हती. त्या घरात आधी रॉकेलचा स्टोव्ह होता, मग गॅस आला, त्यामुळे राखही नव्हती. आणि ‘निमूट’ हा शब्द आईला ओळखणाऱ्या कुणालाही हसू आणेल. राहिलं स्वप्न. ते कुणाच्याच घरात ठेवलेलं दाखवता येत नाही, म्हणून ते कवितेत सहा वेळा लागतं.

‘लाटणं’ आणि ‘पेटणं’ या जोडीकडेही पाहायला हवं. इथं अर्थानं यमक आणलेलं नाही, यमकानं अर्थ ओढून आणला आहे. लाटणं आलं म्हणून काहीतरी ‘-टणं’ हवं होतं, पेटणं मिळालं, मग पेटायला चूल लागली आणि चुलीला राख. चार ओळींतली तीन विधानं एका यमकाच्या सोयीसाठी उभी राहिली.

मराठीत आईवर लिहिणाऱ्याच्या पाठीशी एक ठरलेला सूर आधीपासून असतो. ‘आई’ ही सर्वांना माहीत असलेली कविता लिहिणारे यशवंत पुढं बडोद्याचेच राजकवी झाले, आणि त्या कवितेचा सूर शाळेपासून कानात बसलेला आहे. तो आर्त आहे, आईच्या नसण्याचा आहे. या प्रकरणातली आई तर हयात आहे आणि फोनवर वाद घालते. उसना सूर तिच्या मापाचा नव्हता.

दुसरा खर्डा

कवयित्रीला सुचवलेलं काम होतं माहिती काढण्याचं. तिनं आधी छंद बदलला. घरकामाची कविता ओवीच्या वळणानं जावी असं वाटून अष्टाक्षरी धरली. २४ ओळी झाल्या.

पत्र्यावर रेघ रेघ
आई कोरीत बसली
आम्लाच्या त्या बुडबुड्यां-
परी आशा ती फुटली

अक्षरं बरोबर आठ आहेत. मोजून पाहा. पण दुसऱ्या दोन ओळींतले ‘त्या’ आणि ‘ती’ काढले तर अर्थाचं काहीच कमी होत नाही; दोन्ही भरीची अक्षरं. ‘बुडबुड्यां-परी’ ओळीच्या टोकावर मोडतं आणि वाचणाऱ्याचा श्वास नको तिथं अडकतो. अष्टाक्षरीत भरीचा शब्द कुठं आहे हे ओळखायला सोपा उपाय आहे: ओळ टाळीवर न म्हणता बोलल्यासारखी म्हणायची. जो शब्द बोलताना आपोआप गळतो तो भरीचा. (छंदःशास्त्राचा मोठा हिशेब मांडणारे माधव जूलियन १८९४ मध्ये बडोद्यातच जन्मले, तरी या गावातही अक्षरं भरून काढायची सवय कमी नाही.)

याहून मोठी अडचण ओवीच्या जागेची. ओवी जात्यावरची. हात फिरतो, खुंटा फिरतो, त्या फेरीत ओळ बसते. या घरात जातं नव्हतं, गहू घंटीवर, म्हणजे पिठाच्या गिरणीत जायचा. ज्या घरात जात्याचा आवाजच नाही तिथं ओवीची चाल आणली की कविता आईच्या आधीच्या दोन पिढ्यांत जाऊन बसते. छंद वाईट नव्हता. तो आजीचा होता.

मधला टप्पा: आईला काय विचारायचं

या प्रकरणात कविता पालटली ती इथं, म्हणून थोडं थांबून.

‘आई, तुला वाईट वाटलं का गं?’ असं विचारलं की उत्तर एकच येतं: ‘वाईट काय वाटायचंय.’ भावना विचारली की माणूस दार लावून घेतो, वस्तू विचारली की उघडतो. म्हणून प्रश्न असे काढले: लग्नानंतरच्या पहिल्या पावसाळ्यात तुझं सामान कुठं होतं? सुया कशात ठेवल्या होत्यास? रोलर कुणी हलवला? प्लेट किती होत्या, आता किती आहेत?

आईच्या उत्तरांची टिपणं दोन पानं भरली. सुया रिळांच्या डब्यात. रोलर माळ्यावर, आडवा पडलेला. रबराचा रोलर टांगून न ठेवता पडू दिला तर एका बाजूनं चपटा होतो आणि मग शाईत पट्टा उमटतो, तसा तो झाला. काढलेले ठसे ट्रंकेत, पातळांच्या तळाशी. जस्ताच्या प्लेट चार. दहा इंच बाय बारा इंच, दीड मिलिमीटर जाडीची जस्ताची प्लेट पाऊण किलोच्या वर भरते. तीन प्लेट एका दिवाळीच्या आवराआवरीत भंगारवाल्याकडे गेल्या, वजनावर. चौथी गेली नाही, कारण ती पिठाच्या डब्याखाली होती. वाड्याचा तळमजला, श्रावणात फरशी घाम सुटल्यासारखी ओली होते, पत्र्याच्या डब्याचा बूड गंजतो. म्हणून खाली प्लेट.

म्हणजे जी कामाला लागली ती वाचली आणि जी ‘कला’ म्हणून बाजूला ठेवली ती विकली गेली. पहिल्या खर्ड्याचा सगळा युक्तिवाद इथं आडवा झाला.

मग ‘सोडलंस का?’ या प्रश्नाचं उत्तरही बदललेलं आलं. ‘सोडलं कुठं? जागाच नव्हती, बाई.’ ही तक्रार नाही, तांत्रिक माहिती आहे आणि ती समजून घेण्यासारखी आहे. जलरंग ताटलीत कालवता येतात. पेन्सिलचित्र पोळ्या झाल्यावर ओट्यावर होतं. एचिंगचं तसं नाही. जस्ताच्या प्लेटला मेण, डांबर आणि राळ यांचा थर तापवून द्यावा लागतो. सुईनं थर खरवडून धातू उघडा करायचा. मागची बाजू वॉर्निशनं झाकायची. मग एक भाग नायट्रिक ॲसिड आणि आठ ते दहा भाग पाणी अशा द्रावणात प्लेट बुडवायची. ॲसिड पाण्यात घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही. रेघांवर बुडबुडे धरतात, ते पक्ष्याच्या पिसानं हलकेच सारायचे, नाहीतर बुडबुड्याखाली ॲसिड पोचत नाही आणि रेघ तुटक खाल्ली जाते. धूर घशाला लागतो, खिडकी उघडी हवी. नंतर थर रॉकेलनं धुवायचा, शाई भरायची, पुसायची, ओला करून टिपलेला कागद ठेवायचा आणि सगळं लोखंडी रुळांच्या प्रेसमधून काढायचं. प्रेस शेकडो किलोंचा. दोन खोल्या, सासूसासरे, रांगतं मूल: यात ॲसिडची टाकी कुठं ठेवणार? कुणी मनाई केली नव्हती. फॅकल्टीचं दार बंद झाल्यावर एचिंग करणारी बाई दुसऱ्या दिवसापासून एचिंग करू शकत नाही, इतकं साधं आहे. कवितेत खलनायक शोधायची घाई असते. इथं खलनायकाच्या जागी एक न हलवता येणारं यंत्र निघालं.

तिसरा खर्डा, म्हणजे उलट टोक

माहिती मिळाली की ती सगळी घालायचा मोह होतो. ४६ ओळी. वरचा परिच्छेद जवळपास तसाच ओळी तोडून आला होता:

आठ भाग पाणी, एक भाग आम्ल
आधी पाणी, मग आम्ल
पिसानं सारायचे बुडबुडे

वाचायला बरं वाटतं, नव्याची नवलाई म्हणून. दहाव्या ओळीला ते शिकवणीचं पुस्तक होतं. शिवाय माहिती अंगवळणी नसली की जोडताना चूक होते. या खर्ड्यात आई एचिंगची सुई स्टोव्हची पिन म्हणून वापरते. प्रतिमा देखणी आहे आणि खोटी आहे. स्टोव्हच्या पिनची तार केसासारखी असते, कारण निपलचं भोक तेवढंच असतं. एचिंगची सुई त्याच्या कितीतरी पट जाड. ती आत घातलीच तर भोक मोठं होईल, ज्योत निळी न राहता पिवळी होईल आणि पातेली काळी. स्टोव्ह वापरलेली कुठलीही वाचक इथं कविता खाली ठेवेल.

दुसरी चूक रंगाची. ‘डबा उचलला की काळ्या रेघा दिसतात’ असं होतं. प्लेटवर शाई नाही, पीठ आहे. खाल्लेल्या रेघांत पीठ बसलं की चित्र पांढऱ्या रेघांचं दिसतं, राखाडी जस्तावर. कागदावर जे काळं उमटलं असतं ते इथं पांढरं. ही चूक सुधारताच कवितेला तिची मध्यवर्ती प्रतिमा सापडली, आणि ती कवयित्रीला सुचलेली नव्हती, पिठानं केलेली होती.

संपादनाच्या बैठकीत एक रास्त शंकाही निघाली: डब्याच्या खाली पीठ जाईल कसं? पंधरा किलोच्या चौकोनी डब्याचा तळ सुमारे सव्वानऊ इंचांचा, आणि तो सपाट नसतो. कडेला दुमड असते, आतला भाग किंचित वर. दुमडीखालून बारीक पीठ सरकतं आणि आत साठतं. शंका मिटली, ओळ राहिली.

चौथा खर्डा

प्रक्रिया गेली. डबा, पत्रा, पीठ, पुसणं एवढंच उरलं. २४ ओळी. इथं दोन गोष्टी खटकल्या.

पहिली, मधलं कडवं. ‘तीच रेघ रांगोळीत उतरली, हळदीकुंकवाच्या ताटात उतरली.’ चुलीतल्या राखेच्या साच्याला पर्याय म्हणून हा दुसरा साचा फार लवकर हाताशी येतो: कला मेली नाही, रांगोळीत जगली. राखेचा साचा आईला बिचारी करतो, रांगोळीचा साचा वाचकाला समाधानी करून घरी पाठवतो. आई रांगोळी काढायची, चांगली काढायची, मुलीच्या जीवशास्त्राच्या वहीतला बेडूकही तिनंच काढून दिला होता. पण रांगोळी काढणं म्हणजे एचिंग नव्हे आणि ती स्वतः तसं म्हणत नाही. कडवं काढलं.

दुसरी, शेवट:

आणि मला कळलं
आईनं काय काय
कायमचं झाकून ठेवलं

मुलीला कळल्याचं वाचकाला सांगितलं की वाचकाला कळायचं काही उरत नाही. या तीन ओळी काढायला कवयित्री तयार नव्हती. त्या तिच्या सर्वांत प्रामाणिक ओळी होत्या असं तिचं म्हणणं. असतीलही. खर्ड्यात प्रामाणिक असलेलं सगळंच कवितेत राहत नाही. त्यांच्या जागी आईचं एक वाक्य हवं होतं, आणि आधी जे घातलं होतं (‘मीही कलाकार होते गं’) ते आई जन्मात बोलली नसती. टिपणांत पाहिलं तर दर दोन ओळींनी आई मुलीला बाजूला सरकवत होती. ‘सरक.’ ‘सरक जरा.’ तेच घेतलं.

पाचवा खर्डा

पत्रा

पिठाच्या डब्याखाली
ओल लागू नये म्हणून
जस्ताचा पत्रा.
डबा उचलला की
सांडलेलं पीठ रेघांत बसलेलं:
एक खिडकी, खिडकीत कुजा,
कोपऱ्यात उलटा चौऱ्याहत्तर.

आई ओलं फडकं घेते,
थांबते,
कोरडं घेते.
तळहातानं पुसते एकदा
उजवीकडून डावीकडे,
वरचं पीठ जातं,
रेघांतलं राहतं.

‘सरक,’ म्हणते, ‘पोळ्या व्हायच्यात.’
आणि डबा
खिडकीवर ठेवते.

१७ ओळी. ‘स्वप्न’ शून्य.

नाव ‘पत्रा’ ठेवण्यामागं कारण आहे. फॅकल्टीत या वस्तूला सगळे ‘प्लेट’ म्हणत. घरी आल्यावर ‘प्लेट’ म्हणजे पोह्यांची प्लेट. त्यामुळे सासूबाईंपासून सगळे ‘तो पत्रा’ म्हणू लागले आणि हळूहळू आईही. वस्तू तीच, घर बदललं आणि नाव बदललं. कवितेत हे कुठंही सांगितलेलं नाही, नुसतं नाव वापरलं आहे. ‘ठसा’ हे नाव सुचवलं गेलं होतं. ते फार हुशार वाटलं आणि मुळात इथं ठसा निघतच नाही.

आठवी ते चौदावी ओळ हा कवितेचा जीव. ओल्या फडक्यानं पुसलं तर पिठाची खळ होते, रेघांत घट्ट बसते, वाळून दगड होते. शिवाय जस्तावर पाणी राहिलं तर पांढरट बुरशीसारखा थर चढतो. हे स्वयंपाकीण विसरेल, कारण तिला पत्रा फक्त स्वच्छ हवा आहे. एचिंग शिकलेली बाई विसरत नाही. शाई पुसतानाही शेवटचा हात तळव्याचाच असतो, खडूची भुकटी लावलेल्या कोरड्या तळव्याचा: वरची शाई निघावी, रेघेतली राहावी. आईचा हात इतक्या वर्षांनी तेच करतो आणि कविता त्यावर काहीच बोलत नाही. ज्याला एचिंग माहीत नाही त्यालाही ‘थांबते’ या एका शब्दापाशी काहीतरी झाल्याचं जाणवतं. म्हणून तो शब्द एकट्या ओळीवर आहे. या कवितेत एकट्या क्रियापदाची चैन तेवढी एकदाच केली आहे.

‘लोट’ या शब्दावर बराच काथ्याकूट झाला. गुजरातीत लोट म्हणजे पीठ, मराठीत लोट उठतात ते धुळीचे. ‘लोट रेघांत बसलेला’ असं लिहिलं असतं तर बडोद्यातल्या मराठी वाचकाला दुहेरी गंमत कळली असती, पण नागपूरच्या वाचकाला ओळच अडली असती. ‘पीठ’ ठेवलं.

छापायला देण्याआधी कविता आईला वाचून दाखवली. हयात माणसावर लिहिलं असेल तर हे करायचं, आणि परवानगी एवढ्यासाठीच नाही. तिनं एकच दुरुस्ती सांगितली. खर्ड्यात ‘खिडकीत सुरई’ होतं. ‘सुरई सिनेमात असते. कुजा म्हण.’ कुजा गोल पोटाचा, घरातला, मातीचा. शब्द बसला आणि एक अक्षरही वाचलं. प्लेटवरून आता एखादा ठसा काढून बघू या का, असं मुलीनं विचारलं. निघेलही: रेघांतलं पीठ कोमट पाण्यात भिजवून मऊ ब्रशनं काढायचं, लगेच पुसून कोरडं करायचं, मग रॉकेलचा हात. डब्याच्या दुमडीनं उमटलेला गंजाचा चौकोन मात्र जाणार नाही आणि जस्त खडबडीत झाल्यानं सगळ्या चित्रावर करडा पडदा येईल. आईनं विचारलं, ‘मग डबा कशावर ठेवू?’

एक शब्द शेवटपर्यंत वादात राहिला. ‘उलटा चौऱ्याहत्तर.’ ठशात साल सुलट यावं म्हणून प्लेटवर ते आरशातल्यासारखं खोदावं लागतं. नवशिके सुलट खोदतात आणि कागदावर फसतात. म्हणजे इथं ‘उलटा’ हा आईच्या कसबाचा पुरावा आहे. पण काही वाचकांना तो खाली डोकं वर पाय असा वाटतो. ‘आरशातला चौऱ्याहत्तर’ करून पाहिलं. आरसा नावाची आणखी एक वस्तू स्वयंपाकघरात शिरली आणि ओळ लांबली. आकड्यात छापायचं तर उलटे ७ आणि ४ टायपात नाहीत. ‘उलटा’ तसाच ठेवला. आईही तोच शब्द वापरते.